स्वल्पविरामासकट पाऊस

(पडद्यावर एक ओळ उमटते: पाऊस आला, पाऊस गेला. अंगणात पाऊस, मनात पाऊस!)

या ओळीत 'पाऊस' किती वेळा आलाय? चार वेळा. आता हेच पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेला विचारू. ओळ स्प्लिट या आज्ञेने तोडायची, तुकडे मोजणाऱ्या काउंटरच्या हवाली करायचे. उत्तर येतं: 'पाऊस' दोनदा, 'पाऊस,' एकदा आणि 'पाऊस!' एकदा.

स्प्लिटला फक्त मोकळी जागा कळते. शब्दाला चिकटलेला स्वल्पविराम त्याच्या लेखी शब्दच. मोडीतला कागद पुढे ठेवला असता, तर अख्खी ओळच एक शब्द ठरली असती; मोडीत शब्दांमध्ये जागा सोडतच नसत. आपली आजची विरामचिन्हंसुद्धा 19व्या शतकातली, मेजर थॉमस कँडी यांनी इंग्रजीच्या धर्तीवर मराठीत रुजवलेली.

नेहमीचा इलाज सोपा आहे. पायथॉनच्या स्ट्रिंग मॉड्यूलमध्ये, म्हणजे तयार कोडच्या एका संचात, 'पंक्च्युएशन' नावाची 32 चिन्हांची तयार यादी मिळते. ती स्ट्रिप या आज्ञेला दिली की शब्दाच्या दोन्ही टोकांची चिन्हं झडतात, आणि पाऊस चारवर येतो. पण ही यादी इंग्रजी कीबोर्डची. अभंगातला दंड, म्हणजे ओळीअखेरची उभी रेघ, तिच्यात नाही. वळणदार अवतरणचिन्हंही नाहीत.

मग कुणी रेग्युलर एक्स्प्रेशनकडे, म्हणजे मजकुरातले नमुने शोधायच्या सांकेतिक भाषेकडे वळतं: बॅकस्लॅश, डब्ल्यू, अधिक. अर्थ: शब्दात बसणारी सलग चिन्हं उचल.

(पडद्यावर: मराठी → मर, ठ)

काना गेला, वेलांटी गेली! युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांतल्या चिन्हांना क्रमांक आणि वर्ग देणारं प्रमाण. त्याच्या हिशेबात त्या अक्षरं नाहीत, अक्षरांना लागणाऱ्या खुणा आहेत, आणि रेग्युलर एक्स्प्रेशन चालवणारं पायथॉनचं अंगभूत आरई मॉड्यूल त्यांना शब्दात धरत नाही. शब्द अखंड हवा असेल, तर 'रेजेक्स' हे वेगळं पॅकेज बसवावं लागतं.

त्यापेक्षा मला युनिकोडडेटा मॉड्यूल भरवशाचं वाटतं. प्रत्येक चिन्हाचा युनिकोडमधला वर्ग विचारायचा. तो 'पी'ने, म्हणजे पंक्च्युएशनच्या आद्याक्षराने सुरू होत असेल, तर चिन्ह काढायचं. दंड सापडतो, मात्रांना धक्का लागत नाही. रुपयाच्या चिन्हासारखी चिन्हं तेवढी निसटतात, कारण त्यांचा वर्ग 'एस', म्हणजे सिम्बॉल.

एवढं करूनही एक टिंबांची जोडी छळते. आपल्यापैकी कितीतरी जण विसर्गाच्या जागी सरळ अपूर्णविराम टंकतात. डोळ्यांना फरक जाणवत नाही. संगणकासाठी एक शब्दाचा भाग, दुसरा विरामचिन्ह. म्हणून साफसफाईत 'दु:ख'चं 'दुख' होतं, 'स्वत:'चं 'स्वत', आणि नीट लिहिलेला 'स्वतः' यादीत वेगळाच उभा राहतो.

उपाय साफसफाईच्या आधी करायचा. दोन्ही बाजूंना देवनागरी अक्षर किंवा त्याची खूण असेल, तर तो अपूर्णविराम बहुधा विसर्गच. त्याजागी खरा विसर्ग घालायचा. शब्दाच्या शेवटी मात्र पंचाईत. 'टीप:' मधला अपूर्णविराम खरा आहे. 'त'नंतर आला तर विसर्ग, असा नियम केला, तर 'स्वत:', 'विशेषत:', 'अंशत:' सुधारतात.

(पडद्यावर: संकेत:)

आणि हा शब्द बिघडतो. शेवटी आम्ही नियम सोडला, विसर्गाने संपणाऱ्या शब्दांची यादी हातानेच लिहिली.