तिसरं रीडिंग

(दृश्य: फर्मागुडी, सकाळ. कदंबच्या बसमधून उतरणारी मुलं. मग कॉलेजची प्रयोगशाळा.)

फोंड्याहून पणजीच्या वाटेला लागलं की फर्मागुडीला गोपाळ गणपतीचं देऊळ लागतं. इथं उतरणाऱ्यांत कॉलेजची मुलंच जास्त. हायर सेकंडरी संपवून नुकतीच बीएस्सीला आलेली.

आज रसायनशास्त्राचं प्रॅक्टिकल आहे. ब्युरेटमध्ये, म्हणजे खुणा असलेल्या तोटीच्या काचनळीत, सोडियम हायड्रॉक्साइड हा अल्क; खाली फ्लास्कमध्ये आम्ल आणि अल्कात गुलाबी होणाऱ्या फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब. ब्युरेटमधून थेंब पडत राहतात, काहीच होत नाही. मग एक थेंब असा पडतो की सगळं द्रावण फिकट गुलाबी होतं. हा एंड पॉइंट, म्हणजे आम्ल संपल्याची खूण. ब्युरेटमधून किती द्रावण पडलं ते रीडिंग लिहायचं, फ्लास्क विसळायचा, पुन्हा पहिल्यापासून. रीडिंगं जुळली की जर्नलवर सही.

हाच गुलाबी रंग कोर्टातही जातो.

(दृश्य: काचेच्या ग्लासात बुडणारी बोटं.)

लाच घेणाऱ्याला पकडण्यासाठी सापळा लावतात, तेव्हा नोटांना फिनॉल्फ्थॅलिनची पावडर चोळलेली असते. नोटा घेणाऱ्याची बोटं धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवली की पाणी गुलाबी होतं. ते पाणी पंचांसमोर बाटलीत भरायचं, सील करायचं, लेबलावर सह्या घ्यायच्या आणि तपासणीला पाठवायचं.

आता नीट विचार करा. हा रंग काय सांगतो? बोटांना पावडर लागली, एवढंच. त्या माणसानं पैसे मागितले होते का, हे रंगाला ठाऊक नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं 2022 साली नीरज दत्ता खटल्यात सांगितलं की लाचेची मागणी आणि स्वीकार, दोन्ही सिद्ध व्हायला हवेत. परिस्थितीजन्य पुराव्यानं झाले तरी चालतील. रसायन शिकणाऱ्या मुलाला हे कुणी सांगत नाही. आणि कायदा शिकणाऱ्या मुलीला पाणी गुलाबी का झालं, हे कुणी दाखवत नाही. दोघंही उद्या एकाच खटल्यात उभे राहणार आहेत, म्हणून मला ही गोष्ट टोचते.

(दृश्य: परीक्षानळीत बसत जाणारा पिवळा साका.)

सॉल्ट ॲनालिसिस, म्हणजे क्षारातले घटक ओळखण्याचं प्रॅक्टिकल, केलेल्यांना दुसऱ्या ग्रुपचा हा पिवळा साका आठवत असेल. 1832 साली इंग्लंडमध्ये जॉन बॉडल नावाच्या तरुणावर आजोबांच्या कॉफीत आर्सेनिक घातल्याचा आरोप होता. जेम्स मार्श या रसायनतज्ज्ञानं नमुना तपासला, आर्सेनिकचा पिवळा साका मिळवला. पण ज्यूरीपुढे ठेवेपर्यंत तो बिघडला होता. बॉडल सुटला. मार्श त्यानंतर टिकाऊ पुरावा देणाऱ्या चाचणीच्या मागे लागला आणि 1836 साली त्यानं ती जाहीर केली. आर्सेनिकचा चकचकीत काळा थर काचेवर बसतो, तो ज्यूरीला डोळ्यांनी पाहता येतो. कोर्टाच्या गरजेतून रसायनशास्त्र पुढे सरकलं, ते असं.

या दोन विषयांचं एकत्र शिक्षणही जुनं आहे. स्वित्झर्लंडमधल्या लोझान विद्यापीठात 1909 साली गुन्हे-तपासाच्या विज्ञानाची संस्था सुरू करणारे रोडोल्फ राइस मूळचे रसायनशास्त्राचेच. अमेरिकेत तर क्रिमिनल जस्टिस ही स्वतंत्र पदवी आहे: पोलीस, न्यायालय, तुरुंग, शिक्षेचे परिणाम, सगळं त्यात येतं.

पण त्याच अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याच्या एका सरकारी प्रयोगशाळेत एक रसायनतज्ज्ञ अमली पदार्थांचे कितीतरी नमुने न तपासताच, नुसते बघून अहवाल लिहीत होती. 2012 मध्ये तिला अटक झाली. 2017 मध्ये तिच्या सहीच्या अहवालांवर उभे असलेले 21 हजारांहून जास्त खटले रद्द करावे लागले. त्यात खरे गुन्हेगार किती आणि उगाच भरडले गेलेले किती, हे वेगळं काढायचा मार्गच उरला नव्हता.

(दृश्य: कुर्टी, मग धारबांदोड्याचा रस्ता.)

गोव्यात हे सगळं आता दूरचं राहिलेलं नाही. नॅशनल फॉरेन्सिक सायन्सेस युनिव्हर्सिटीचा गोवा परिसर फोंड्याजवळ कुर्टीला सुरू झाला. कायमच्या परिसराची पायाभरणी 2021 साली धारबांदोड्यात झाली. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा, लागू आहे. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक (फॉरेन्सिक) तज्ज्ञानं घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करायचे आणि त्याचं चित्रीकरण करायचं, असं तिचं कलम 176 सांगतं. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. म्हणजे आज पहिल्या वर्षाला असलेली मुलं पदवी घेऊन बाहेर पडतील, नेमकी तेव्हा माणसं लागतील.

इथली बीएस्सी केमिस्ट्रीची मुलं बहुतेक वेर्ण्याच्या औषध कंपन्यांत क्यूसीला, म्हणजे मालाचा दर्जा तपासायला जातात. चांगली नोकरी आहे, जाऊ देत. पण पदवीच्या वर्षांत एखादा पेपर पंचनाम्याचा, साक्षीपुराव्याचा, नमुना कुणाच्या हातून कुणाच्या हाती गेला याच्या नोंदीचा असावा. आणि लॉ कॉलेजच्या मुलांनी एक दुपार तरी प्रयोगशाळेत काढावी. रक्ताची शक्यता दाखवणारी कॅसल-मायर चाचणी फिनॉल्फ्थॅलिनचीच. पण काही भाज्यांमुळेही ती गुलाबी होते, हे वकिलाला माहीत नसेल तर उलटतपासणीत तो विचारणार काय?

(दृश्य: पुन्हा फर्मागुडीची प्रयोगशाळा. एका मुलीचं जर्नल.)

पहिलं रीडिंग 10.2. दुसरं 10.2. तिसरं 10.6 आलंय. पलीकडची मैत्रीण म्हणते, "लिही गो 10.2, कोण बघतो!" मीही माझ्या वेळी असंच लिहिलं होतं, सही मिळावी म्हणून. त्याची मला आज लाज वाटते.

ती 10.6 लिहिते. शेजारी बारीक अक्षरात: रंग गडद झाला, थेंब जास्त पडला. मग फ्लास्क विसळते आणि ब्युरेट पुन्हा भरायला घेते.