वाळूत उमटलेली वेलबुट्टी: ट्रॉयचे बिडाचे स्टोव्ह

[हडसन नदी, काठावरच्या विटांच्या इमारती]
न्यूयॉर्क राज्यात हडसनच्या काठी ट्रॉय आणि ऑल्बनी ही शेजारी शहरं. 1825 मध्ये ईरी कालवा खुला झाला आणि इथला माल होड्यांतून पश्चिमेकडे जाऊ लागला. त्यात बिडाचे स्टोव्ह होते. त्यांच्या नक्षीला तोड नव्हती.

[मुठीत दाबलेली वाळू]
त्याचं एक कारण ही साच्याची वाळू. याच खोऱ्यातली, पिठासारखी बारीक, मुळातच चिकणमाती असलेली. मुठीत दाबा, बोटांचे ठसे तसेच राहतात. पाणी जास्त झालं तर वितळलेल्या बिडाचा रस पडताच वाफ होते आणि ओतीवात पोकळ्या राहतात. कमी झालं तर नक्षीच्या कडा ढासळतात.

[लाकडी पॅटर्न, पानांच्या शिरा]
खरी कसोटी पॅटर्न, म्हणजे वाळूत दाबून साचा उमटवायचा नमुना, कोरणाऱ्याची. बीड थंड होताना फुटामागे साधारण इंचाचा आठवा भाग आकसतं. लाकडावरून आधी धातूचा पॅटर्न ओतायचा आणि त्यावरून स्टोव्हचे भाग. म्हणजे आकसणं दोनदा, आणि तेवढी वाढ या वेलीत आधीच धरलेली. प्रत्येक पानाची कडही किंचित उतरती. ती आत वळली तर पॅटर्न उचलताना वाळू सोबत निघते. 1842 पासून अमेरिकेत नक्षीचंही पेटंट मिळू लागलं, आणि स्टोव्हच्या कारखानदारांनी त्याचा पुरेपूर फायदा घेतला.

[कपोला म्हणजे बीड वितळवायची भट्टी, लॅडलमधून म्हणजे ओतायच्या पळीतून पडणारा रस]
स्टोव्हच्या ओतीव पत्र्याची जाडी जेमतेम तीन-चार मिलिमीटर. रस थंडावला किंवा हात थबकला, की दोन बाजूंचे प्रवाह एकजीव होत नाहीत. पुढे आच लागली की तडा तिथेच जातो. पृष्ठभागावरचे बारीक दोष मात्र नक्षीत झाकले जात. फसलेल्या ओतकामाचे पैसे मोल्डरला, म्हणजे वाळूचा साचा करून रस ओतणाऱ्या कारागिराला, मिळत नसत. 1859 मध्ये विल्यम सिल्व्हिसच्या पुढाकाराने मोल्डरांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. ट्रॉयची शाखा तिच्यातली बलाढ्य.

[जोडणी, निकेलच्या पट्ट्या, अभ्रकाची खिडकी]
मग धंदा डेट्रॉइट-शिकागोकडे सरकला, घरोघर गॅस आला, भट्ट्या बंद पडल्या.

[तडकलेला पत्रा, शेजारी नवा]
आज दुरुस्तीत तुटलेला पत्राच पॅटर्न म्हणून वापरला, तर नवा भाग आखूड येतो आणि शेजारच्या खाचेत बसत नाही. त्यासाठी मूळ पॅटर्नच हवेत, आणि ते जपायला हवेत.