गाडी लागली की कंबर विसरायची
(लघुमाहितीपट – निवेदन)

पुणे, मार्केट यार्ड, भुसार विभाग. तांदळाची गाडी लागली आहे. फाळका उघडलाय, दोन हमाल वर चढलेत.

वरचे दोघं आकड्याने पोतं कडेला ओढतात. खालचा पाठ फिरवून, गुडघे जरा वाकवून उभा. पोतं मानेखाली, दोन्ही खांद्यांच्या मधोमध बसायला हवं. चार बोटं खाली घसरलं तरी भार कमरेवर येतो. अंगाला एक हिसका देऊन तो ते सारखं करतो आणि निघतो, जवळजवळ पळतच. थप्पीपाशी, म्हणजे रचलेल्या पोत्यांपाशी, आता कंबर बघा. वाकणं आणि वळणं एकदम, तेही ओझ्यासकट. कमरेला न मानवणारं ते हेच.

पोतं एके काळी १०० किलोचं असायचं. ते ५० वर आणा, म्हणून हमाल पंचायत ही हमालांची संघटना वर्षानुवर्षं भांडली. कंबरदुखीच्या औषधांत ही मागणी कुणी धरत नाही. आम्ही धरतो.

उसण भरली तर बहुतेकदा काही आठवड्यांत उतरते. ३ महिने उलटूनही दुखत राहिलं, की ते जुनाट दुखणं.

ही एमआरआयची फिल्म. ‘मणक्यात गॅप आहे’ हे वाक्य इथं प्रत्येकाने ऐकलेलं. पण काहीच दुखत नसलेल्या चाळिशीतल्या माणसांच्या फिल्म काढल्या, तरी निम्म्याहून अधिक जणांची मणक्यांमधली गादी झिजलेली दिसते. जुनाट दुखण्यात बरेचदा इजा भरून आलेली असते, नसा आणि मेंदू मात्र सावधच राहतात. कळ येईल म्हणून माणूस वाकत नाही. न वाकल्याने कंबर आखडते, आणि मग खरंच वाकवत नाही.

खुंटीवरचा हा पट्टा. अशा जुनाट दुखण्यावर पट्टा आणि ट्रॅक्शन, म्हणजे कंबर ताणून धरणं, सरसकट देऊ नका, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितलं. व्यायाम करून घ्या, दुखणं समजावून सांगा, हेही सांगितलं.

तो व्यायाम असा. पाठीवर झोपून गुडघे दुमडायचे, कंबर उचलायची, श्वास रोखायचा नाही. मग रिकामा डबा जमिनीवरून उचलायचा. जमलं की त्यात ५ किलो पीठ, पुढे १०. जास्त दुखलं तर वजन कमी करायचं, पण उचलणं सोडायचं नाही. रोज चालायचं, ओझ्याशिवायचं चालणं.

लघवी-संडासवरचा ताबा गेला, जांघेत बधिरपणा आला किंवा पायातली ताकद जाऊ लागली, तर त्याच दिवशी दवाखाना. ताप येऊन वजन घटत असेल, तर मणक्याच्या क्षयाची तपासणी.

काहींचं काम कायमचं सुटतं. ते गावी जातात.

‘वजन उचलू नका’ हे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर लिहिणं सोपं. पोत्यावर हमाली मिळते, चिठ्ठीवर नाही. दुखरा गडी काही दिवस थप्पीवरून काढून झाडलोटीला, पोती मोजायला लावला, तर कमाई थोडी तरी चालू राहते. त्याला औषधाचा खर्च नाही; टोळीची तयारी आणि मुकादमाचा होकार तेवढा लागतो.