जुनी एमजीबी आणि आजची छोटी व्हॅन

श्रोतेहो, नमस्कार.

आज दोन गाड्यांविषयी बोलणार आहे. एक एमजी या ब्रिटिश कंपनीची एमजीबी. १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात तयार झालेली, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार. दुसरी फोक्सवॅगनची मालवाहू कॅडी, २०२० साली आलेल्या पाचव्या पिढीतली. पहिली दिसली की माणसं थांबून बघतात. दुसरी शेजारून गेली तरी कुणाच्या ध्यानात राहत नाही, आणि ते मला फार खटकतं.

आधी वेगाचं बघू. एमजीबीचं पेट्रोल इंजिन १.८ लिटरचं, ताकद ९५ अश्वशक्ती. ताशी साठ मैल, म्हणजे ९६ किलोमीटर, गाठायला तिला १२ सेकंदांच्या आसपास लागतात. १२२ अश्वशक्तीची डिझेल कॅडी जवळपास तेवढ्याच वेळात ताशी शंभर किलोमीटरला पोचते. एमजीबीचं वजन नऊशे किलोच्या थोडं वर, आणि कॅडी रिकामी असली तरी तिच्या दीडपट जड. मग ती मागे का पडत नाही? टॉर्कमुळे, म्हणजे चाकं फिरवणाऱ्या जोरामुळे. एमजीबीचा कमाल टॉर्क सुमारे १५० न्यूटन-मीटर, तोही इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेऊ लागल्यावर. कॅडीचा टर्बो इंजिनात जादा हवा कोंबतो, त्यामुळे १६०० फेऱ्यांच्या आसपासच ३२० न्यूटन-मीटर हाती येतात. शिवाय कॅडीला गिअर सहा, एमजीबीला चारच.

पण खरी नवलाई दिसते ती गाडीखाली डोकावल्यावर. एमजीबीच्या मागच्या बाजूला अखंड ॲक्सल, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारा एकच आडवा दांडा, आहे आणि त्याखाली पाटे, ट्रकला असतात तसे. मालवाहू कॅडीलाही चौथ्या पिढीपर्यंत पाटेच होते. पाचव्या पिढीत त्यांच्या जागी कॉइल, म्हणजे वेटोळ्याच्या, स्प्रिंगा आल्या. म्हणजे स्पोर्ट्स कार पाट्यांवर आणि सामानाची गाडी स्प्रिंगांवर! इंजिनाचंही तसंच. एमजीबीचं इंजिन बी-सिरीज घराण्यातलं, आणि त्याच घराण्यातली इंजिनं त्या काळी मॉरिसच्या व्हॅन ओढत होती. म्हणून एमजीबी घडवणाऱ्यांविषयी मला अपार आदर वाटतो. वेगळं, महागडं यंत्र न वापरता, हाताशी असलेले भाग घेऊन त्यांनी गाडी हलकी केली, बुटकी केली, चालकाला जमिनीलगत बसवलं, आणि तेवढ्यावर तिचा स्वभावच पालटला.

तो स्वभाव आकड्यांत सापडत नाही. तिच्या स्टिअरिंगला कसलीही मदत नाही. स्टिअरिंगच्या दातेरी पट्टीतून रस्त्याचा प्रत्येक खडबडीतपणा थेट तळहातांत येतो. टायर अरुंद, त्यामुळे पकड सुटायच्या आधी ते हळूहळू कळवतात. ताशी साठ किलोमीटरलाही आपण वेगात आहोत हे अंगाला जाणवतं. कॅडीत विजेची मोटर स्टिअरिंग हलकं करते, आवाज बाहेर राहतो, आणि तोच वेग काहीच वाटत नाही.

मात्र पावसात अचानक ब्रेक दाबायची वेळ आली, तर एमजीबीत पुढे डिस्क, मागे ड्रम, आणि चाकं जाम होऊ न देण्याची जबाबदारी फक्त तुमच्या पायाची. कॅडीत चाकं जाम होऊ न देणारं एबीएस आहे, घसरत्या गाडीचं एकेक चाक वेगळं रोखणारी ईएससी यंत्रणा आहे, एअरबॅग आहेत. युरोपीय संघात २०१४ पासून नव्या गाड्यांना ईएससी सक्तीची झाली, त्यात व्हॅनही आल्या. सामान पोचवणाऱ्या माणसाचा जीवही तितकाच मोलाचा, हे तिथे कायद्याने मानलं. मला ही गोष्ट कुठल्याही शर्यतीतल्या विजयापेक्षा मोठी वाटते.

आणि शर्यतीचं म्हणाल, तर तिथली विद्या व्हॅनपर्यंत पोचलीच आहे. १९५३ साली फ्रान्समधल्या ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीत डिस्क ब्रेक लावलेली जॅग्वार जिंकली. आज असे ब्रेक साध्या व्हॅनला असतात. उलट २००६ मध्ये ऑडीने तीच शर्यत डिझेल इंजिनावर जिंकून दाखवली.

माझा कौल विचाराल, तर रात्री, पावसात, मागे सामान भरलेलं असताना मी बिनदिक्कत कॅडी घेईन. गाडीचं वजन ब्रेक लावताना पुढे कसं झुकतं, वळणावर बाहेर कसं ढकललं जातं, हे ज्याला अंगानं शिकायचं आहे त्यानं मात्र कोरड्या, मोकळ्या रस्त्यावर एमजीबी चालवावी. फक्त निघण्याआधी ब्रेकचे रबरी पाइप तपासून घ्या, आणि दारांखालचे सिल, म्हणजे बॉडीच्या कडेचे पत्र्याचे भाग, गंजलेत का तेही वाकून बघा. या गाडीला वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, नाही, बॉडीचा भार त्या सिलवरच असतो.

नमस्कार.