घोरणाऱ्या बाळाची एक रात्र

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या एका मराठी घरातले हे दीड वर्षाचे बाळ रोज रात्री घोरते, मान मागे टाकून तोंडाने श्वास घेते आणि मधेच दचकून उठते. 'दमलाय, म्हणून घोरतोय,' असे आजी म्हणतात, आणि बहुतेक घरांत चौकशी एवढ्यावरच थांबते.

आज रात्री बाळ आईसह स्लीप लॅबमध्ये, म्हणजे झोपेतल्या श्वासाची रात्रभर नोंद घेणाऱ्या प्रयोगशाळेत, मुक्कामाला आले आहे. गुंगीच्या औषधाने घशाचे स्नायू सैलावून श्वासाची नोंदच बदलू शकते, म्हणून ते टाळले जाते. बाळाने आपल्या नेहमीच्या वेळी, आईच्या थोपटण्यानेच झोपायचे.

तंत्रज्ञ ताई टेपने डोके मोजतात, पेन्सिलीने खुणा करतात, त्या जागची त्वचा हलकेच घासतात आणि पेस्ट भरलेले वाटीच्या आकाराचे इवलेसे इलेक्ट्रोड (मेंदूचे विद्युत संकेत टिपणाऱ्या चकत्या) बसवून वरून गॉज गुंडाळतात. डोळ्यांच्या कडेला आणि हनुवटीवर आणखी काही, छाती-पोटावर दोन पट्टे, पायाच्या अंगठ्याला ऑक्सिजन मोजणारा लाल दिवा. वायरींची जुडी पाठीमागून सोडतात, कारण दिसली की ओढलीच म्हणून समजा. श्वासाची हवा मोजणारी नाकातली नळी बहुधा डोळा लागल्यावरच बसते.

आता शेजारच्या खोलीतला हा पडदा पाहा. छाती आणि पोट यांच्या रेषा हलत आहेत, पण नाकाची रेषा सपाट झाली आहे. म्हणजे बाळ श्वास ओढते आहे आणि हवा आत जात नाही. तिन्ही रेषा एकदम सपाट झाल्या असत्या, तर श्वास घेण्याचा आदेशच मेंदूकडून आला नाही, असा अर्थ झाला असता. तान्ह्या बाळांत असे थोडा वेळ होणे स्वाभाविकही असते. मोठ्या माणसाचा श्वास 10 सेकंद अडला तर तो मोजतात; बाळ मुळातच भराभर श्वास घेते, म्हणून त्याच्या बाबतीत दोन श्वासांइतका खंडही पुरतो. मोठ्यांमध्ये तासाला पाचापेक्षा कमी अडथळे चालतात, मुलांमध्ये मात्र एकाच्या वर गेले तरी डॉक्टर लक्ष घालतात.

ही नोंद 30 सेकंदांच्या पानांत वाचतात. आठ तासांची 960 पाने होतात, आणि निष्कर्ष यंत्रावर न सोडता प्रशिक्षित माणूस ती पाने तपासतो.

डाउन सिंड्रोम (एक जन्मजात गुणसूत्रीय स्थिती) असलेल्या मुलांची ही तपासणी, घोरणे असो वा नसो, चार वर्षांच्या आत व्हावी, अशी अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस आहे.

या बाळाचे ॲडिनॉइड (नाकामागची गाठ) आणि टॉन्सिल काढायचे की वाट पाहायची, हे अहवाल आल्यावर कान-नाक-घसा तज्ज्ञ ठरवतील.