कुजेल हो, पण कुणाच्या गॅलरीत?

(दृश्य : पुण्यातली सकाळ. तिसरा मजला. ओट्याच्या कडेवर चहाचं गाळणं आपटल्याचा आवाज.)

दिवसाचा पहिला कचरा म्हणजे चहाचा चोथा. पहिला घोळही इथेच. चहा पावडर झाडांना चांगली, हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. पण आपला चहा दूध-साखर घालून उकळलेला. तो चोथा तसाच गॅलरीतल्या कंपोस्टच्या, म्हणजे घरच्या खताच्या बादलीत गेला, की दुसऱ्या दिवशी गॅलरीभर मुंग्या. म्हणून गाळणं आधी नळाखाली धरायचं, चोथा पिळायचा आणि मग टाकायचा.

'हे कुजतं का?' असं आपण विचारतो. कुजतं हो सगळंच. मासळीची डोकी, शिळी आमटी, आंब्याची कोय. करवंटीसुद्धा, फक्त तिला काही वर्षं लागतात. विचारायचं ते एवढंच : ते कुजेपर्यंत माझ्या वीस लिटरच्या बादलीला आणि भिंतीपलीकडच्या काकूंना सोसवेल का?

(दृश्य : परातीत निवडलेली भाजी. कोथिंबिरीच्या काड्या, मटाराची टरफलं.)

देठ, सालं, टरफलं बिनधास्त टाका. अंड्याची कवचं चुरून टाका, नाहीतर सहा महिन्यांनी जशीच्या तशी हातात येतात. लिंबाच्या आणि कांद्याच्या सालींवरून उगाच वाद घालतात लोक. गांडुळांना त्या मानवत नाहीत, हे खरं. साध्या बादलीत बारीक चिरून थोड्या टाकल्या तर काही बिघडत नाही. मे महिन्यात मात्र आंब्याच्या सालींवर चिलटं घोंघावतात, तेव्हा वर वाळक्या पानांचा कोरडा थर जाड हवा. कोयी बाजूलाच ठेवा. त्या कुजण्याआधी रुजतात!

आता अवघड जागेचं दुखणं : शिळं अन्न. मूठभर भात किंवा पोळीचा तुकडा कुस्करून खपून जातो. तेलाचा तवंग असलेला रस्सा नाही खपत. तेल बाकीच्या कचऱ्यावर बसतं, हवा शिरत नाही आणि हवा नसली की कुजण्याची जात बदलते. मग तो सडक्या अंड्यासारखा वास येतो. मटण-मासळीचं तर विचारूच नका. कोकणात अंगण असलेलं घर माशांची घाण माडाच्या मुळाशी खड्डा करून पुरतं आणि माड खूश असतो. तीच घाण फ्लॅटमधल्या बादलीत टाकली, तर माड नाही, घूस खूश होते.

(दृश्य : सोसायटीच्या कोपऱ्यात झाडलेल्या पानांचा ढीग. शेजारी काडेपेटी.)

फेब्रुवारी-मार्चमध्ये पुण्यात पानगळ होते आणि रोज सकाळी कुठे ना कुठे धूर निघतो. माझ्या मते घरच्या खतातली सगळ्यात मोठी चूक ही. ओला कचरा कुणाच्याही घरात रोज तयार होतो. तुटवडा असतो तो सुक्याचा. कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्राच्या (नायट्रोजनच्या) एका भागाला कर्बाचे (कार्बनचे) साधारण पंचवीस ते तीस भाग लागतात. नत्र भाजीच्या देठांत भरपूर, कर्ब वाळक्या पानांत. हिशेब ओंजळीने करायचा : एक ओंजळ ओलं, वर दीड-दोन ओंजळ सुकं. नाकाला अमोनिया झोंबला, तर सुकं कमी पडलं. पावसाळ्यात वाळकं पान शोधून मिळत नाही, म्हणून उन्हाळ्यातच दोन पोती भरून ठेवावीत. लोणच्यासारखं आहे हे, वर्षाची बेगमी. पर्जन्यवृक्षाची चिमुकली पानं लवकर विरतात. आंबा, जांभूळ, पिंपळ यांची चिवट पानं पोत्यात घालून तुडवा. पुण्यात 'ब्राउन लीफ' नावाचा गट आहे, तो पानं देणाऱ्यांची आणि हवी असणाऱ्यांची गाठ घालून देतो. ज्याला काडी लावणार होतात, त्याला मागणी आहे.

(दृश्य : कुंपणालगत पांढऱ्या बारीक फुलांचं गाजरगवत.)

बागेतला कचरा म्हणजे सगळा चांगलाच, असंही नाही. हे गाजरगवत. भारतात तण म्हणून ते पहिल्यांदा नजरेत भरलं ते पुण्यातच, 1955 च्या सुमारास. एका झाडाला हजारो बिया. फुलं येण्याआधी उपटलं तर उत्तम खत; फुलोरा आल्यावर बादलीत टाकलं, तर पुढच्या पावसात प्रत्येक कुंडीत तेच. बी मरायला ढीग पंचावन्न अंशांच्या वर काही दिवस तापावा लागतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी शेतकऱ्यांना दिलेली नाडेप ही खताची टाकी दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच असते. एवढ्या ढिगात ऊब धरून राहते. आपली बादली कोमट होते, बस्स. हराळीच्या आणि लव्हाळ्याच्या मुळांचं तेच. आधी फरशीवर कडकडीत वाळवा.

गणपतीच्या दूर्वा मात्र चालतात, त्या नुसते खुडलेले शेंडे, मूळ नसतं. निर्माल्यात भानगड असते ती हाराची. झेंडू आठवड्यात काळा पडतो. दोरा, जरीचे धागे आणि थर्माकोलचे मणी तसेच राहतात. 'कंपोस्टेबल' लिहिलेली पिशवीही इथे नको, तिला कारखान्यातल्या भट्टीसारखी उष्णता लागते. दुकानातली गुळगुळीत बिलं नकोत. डायपर आणि सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून, खूण करून वेगळे द्या. नाहीतर ते दुसऱ्या कुणालातरी हाताने निवडावे लागतात.

(दृश्य : चाळणीतून पडणारं काळंभोर खत. चाळणीवर उरलेलं जवळून.)

तीन-चार महिन्यांनी चाळलं, की खाली पावसातल्या मातीचा वास. वर काय उरलं ते बघा. कोथिंबिरीच्या जुडीचं रबर. सफरचंदावरचा स्टिकर. हाराचा दोरा, दीड हात लांब. आणि दिवाळीपासून सापडत नव्हता, तो स्टीलचा चमचा.