एचडीएल वाढलं, पण पुढे काय?

मागच्या रांगेतून एक चिठ्ठी आली आहे: 'रोज दोन पेग घेतले तर कोलेस्टेरॉल सुधारतं ना?' खाली नाव नाही. अक्षर मात्र माझ्या ओळखीचं आहे.

तर, रिपोर्टमधला एक आकडा खरंच सुधारतो. बेताने पिणाऱ्याचं एचडीएल, म्हणजे 'चांगलं कोलेस्टेरॉल', थोडं वर जातं. रक्ताची गुठळी बनवणाऱ्या प्लेटलेट्सही एकमेकींना जरा कमी चिकटतात. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या 'सिक्स्टी मिनिट्स' या टीव्ही कार्यक्रमाने विचारलं, की फ्रेंच माणूस एवढं लोणी-चीज खातो, तरी त्याला हृदयविकार कमी कसा? बोट रेड वाइनकडे दाखवलं गेलं, आणि तिथल्या दुकानांत ती झपाट्याने खपू लागली.

पण एचडीएल वाढवलं की हृदय वाचतं का? टॉर्सेट्रापिब नावाच्या औषधाने एचडीएल दीडपटीहून जास्त वाढत होतं. २००६ मध्ये त्याची चाचणी मध्येच बंद करावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांत मृत्यू जास्त होऊ लागले. पुढे २०१२ मध्ये असंही दिसलं, की एका विशिष्ट जनुकामुळे ज्यांचं एचडीएल जन्मापासून जास्त असतं, त्यांना हार्ट अटॅक काही कमी येत नाहीत.

मग जुन्या अभ्यासांत न पिणाऱ्यांपेक्षा थोडी पिणारे ठणठणीत कसे दिसायचे? अहो, त्या 'न पिणाऱ्यां'मध्ये डॉक्टरांनी दम दिल्यावर सोडलेलेही मोजले जात होते! चीनमध्ये सुमारे पाच लाख लोकांचा अभ्यास झाला. तिकडे अनेकांना जनुकांमुळे दारू सोसत नाही, घोटभर घेतली तरी चेहरा लाल होतो, म्हणून ते कमीच पितात. २०१९ मध्ये त्या जनुकांवरून तुलना केली, तेव्हा थोड्या दारूने पक्षाघातापासून मिळतं म्हणतात ते संरक्षण दिसेना. जितकी दारू जास्त, तितका रक्तदाब जास्त, एवढंच उरलं.

आता 'दोन पेग' म्हणजे किती तेही बघू. ३० मिलीच्या एका पेग व्हिस्कीत साधारण १० ग्रॅम अल्कोहोल असतं. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलीच्या बाटलीत ४१ ग्रॅम. म्हणजे 'आपण फक्त एक बिअर घेतो' म्हणणारा चार पेग रिचवून उठतो. आपल्याकडे दारू पिण्याचा सरकारी परवानाही आरोग्य जपण्याच्या नावाखाली मिळतो, त्यामुळे कुणाला दोष द्यावा!

परवाच एक गृहस्थ रिपोर्ट घेऊन आले. एचडीएलवर बोट ठेवून म्हणाले, "अठ्ठावन्न! बघा डॉक्टर." मी बोट एक ओळ खाली सरकवलं. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, ३१०. दारू जाळण्यात गुंतलेलं यकृत चरबी जाळायची सोडून साठवत बसतं, तीच रक्तात उतरते, आणि सोबतीला फरसाण असतंच. मग सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा, कागद उलगडला. एमसीव्ही १०२. लाल पेशीचं हे सरासरी आकारमान शंभरच्या आत असावं लागतं. ते वाढायची कारणं पुष्कळ, पण नेहमीच्या दारूनेही पेशी फुगतात.

"खरं सांगा, रोज किती?" मी विचारलं.

ते बायकोकडे बघायला लागले.